एचआयव्हीसोबत जगताना मेंदूतला टोक्सोप्लाझ्मा : नव्याने माहिती घेणाऱ्यांसाठी

एचआयव्हीचं निदान झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत इतकी नवी नावं कानावर पडतात की त्यातली निम्मी डोक्यावरून जातात. टोक्सोप्लाझ्मा हे नाव मात्र जाऊ देऊ नका. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूत गाठी करणारा हा परजीवी आहे. वेळेत ओळखला नाही तर अर्धांग, फिट आणि मृत्यूपर्यंत नेतो. पण या आजाराबद्दल दोन दिलासादायक गोष्टीही आहेत. तो बहुतांशी टाळता येतो, आणि झालाच तरी वेळेवर औषध सुरू झालं तर बहुतेक रुग्णांमध्ये पहिल्या एकदोन आठवड्यांतच फरक दिसू लागतो. हा लेख एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी आहे आणि तितकाच त्यांच्या घरच्यांसाठीही. मेंदूच्या आजारात बदल आधी लक्षात येतो तो अनेकदा घरच्यांच्याच.

पायरी १ : आजार येतो कुठून, हे समजून घ्या

टोक्सोप्लाझ्मा गोंडिआय हा एकपेशीय जीव १९०८ मध्ये ट्युनिस इथे शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांच्या शरीरात तो असतो असा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

तो शरीरात शिरतो मुख्यतः दोन वाटांनी. एक, नीट न शिजलेल्या मांसातून. दुसरी, मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती, पाणी किंवा न धुतलेली भाजी पोटात गेल्याने. मांजर आणि त्याच्या कुळातले प्राणी हेच या परजीवीचं मूळ घर; त्यांच्याच आतड्यात तो आपली अंडी तयार करतो. माणसाच्या शरीरात आल्यावर ताप, मानेत गाठी असं थोडंफार काही होतं किंवा काहीच होत नाही. मग तो मेंदू, स्नायू आणि हृदयात सूक्ष्म कोष करून निपचित पडून राहतो, जन्मभर.

निरोगी माणसात टी-पेशी या कोषांवर पहारा ठेवतात. एचआयव्ही नेमक्या याच पेशी मारतो. पहारा ढिला पडला की कोष फुटतात, परजीवी वाढू लागतो आणि मेंदूत जागोजागी दाह होतो. म्हणजे एचआयव्हीतला हा आजार जवळजवळ नेहमीच जुन्या संसर्गाचं पुन्हा डोकं वर काढणं असतं. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्याशेजारी झोपल्याने किंवा त्याची सेवा केल्याने तो कोणालाही होत नाही. घरात कोणी भीतीपोटी अंतर ठेवत असेल तर हे त्यांना स्पष्ट सांगा.

पायरी २ : दोन आकडे माहीत करून घ्या

पहिला आकडा सीडी४ चा, म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये पहारा ठेवणाऱ्या त्या टी-पेशी किती उरल्या आहेत त्याचा. दुसरा खरं तर आकडा नाही, होकार-नकार आहे : टोक्सोप्लाझ्मा आयजीजी, म्हणजे या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी. एचआयव्हीचं निदान झाल्यावर पहिल्या तपासण्यांमध्ये ती झाली आहे का, हे एआरटी (एचआयव्हीला आवर घालणारी औषधं) केंद्रावर किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारा. काही ठिकाणी ती नेमाने होत नाही. तेव्हा विचारण्यात संकोच नको.

आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झाला असं नव्हे. परजीवी शरीरात कधीतरी येऊन गेला आहे आणि कोष असणार, एवढाच तिचा अर्थ. हा कागद हातात पडताच घाबरून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. घाबरायचं कारण नसतं, जपून ठेवायची ती माहिती असते. धोका ठरतो तो सीडी४ वरून. २०० च्या वर हा आजार क्वचितच होतो. १०० च्या खाली धोका खरा होतो, आणि ५० च्या खाली सर्वाधिक.

आयजीजी निगेटिव्ह असेल तर मेंदूचा टोक्सोप्लाझ्मा असण्याची शक्यता बरीच कमी होते, पण शून्य होत नाही. प्रतिकारशक्ती अगदी तळाला गेलेल्या माणसात प्रतिपिंडं तपासणीत न सापडण्याइतकी कमी असू शकतात. म्हणून पूर्वी निगेटिव्ह आलेल्यांनी सीडी४ १०० च्या खाली गेला तर ही तपासणी पुन्हा करून घेण्याबद्दल विचारावं.

पायरी ३ : रोजची एक गोळी

आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीडी४ १०० च्या खाली, अशी जोडी असेल तर प्रतिबंधक औषध लागतंच. हे औषध म्हणजे कोट्रायमॉक्साझोल : ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्साझोल ८०० मिलिग्रॅम असलेली डबल स्ट्रेंग्थ गोळी, सहसा दिवसातून एक. हीच गोळी न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या जीवघेण्या आजारापासूनही वाचवते. त्यामुळे अनेक देशांत ती सीडी४ बराच वर असतानाच सुरू करतात. तुमच्या कागदावर १०० पेक्षा मोठा आकडा असून ही गोळी दिली असेल तर ती चूक नाही.

एआरटीच्या नव्या गोळ्यांच्या कौतुकात ही साधी, जुनी गोळी मागे पडते. दोन गोळ्यांपैकी एकच घ्यायची ठरवून लोक हीच सोडतात. तसं करू नका. एआरटी प्रतिकारशक्ती परत उभी करते, पण त्याला महिने लागतात. त्या मधल्या काळात मेंदूचं रक्षण या गोळीवर असतं.

सल्फाच्या औषधाने पूर्वी कधी अंगावर पुरळ आलं असेल तर आधीच सांगा. गोळी सुरू केल्यावर पुरळ आलं तर डॉक्टरांना दाखवा. किरकोळ पुरळ असेल तर बऱ्याचदा औषध चालू ठेवता येतं किंवा अगदी कमी मात्रेपासून पुन्हा सुरू करता येतं. मात्र तोंडात, डोळ्यांत, जननेंद्रियांवर फोड आले, कातडी सोलू लागली किंवा पुरळासोबत ताप चढला, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सल्फा अजिबात चालत नसेल तर डॅप्सोनसोबत पायरिमेथामिन आणि ल्यूकोव्होरिन, किंवा ॲटोव्हाक्वोन असे पर्याय आहेत. डॅप्सोनआधी जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी करून घेतात, कारण ते विकर कमी असलेल्यांच्या रक्तपेशी डॅप्सोनने फुटू शकतात.

पायरी ४ : खाणं आणि मांजर

हा भाग आयजीजी निगेटिव्ह असणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचा, कारण त्यांना नवा संसर्ग टाळायचा आहे. मांस आतपर्यंत शिजवा, गुलाबी ठेवू नका. कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका. फळं-भाज्या धुवा, पाणी शंकास्पद असेल तर उकळा, बागकामानंतर हात साबणाने धुवा.

घरात मांजर असेल तर तिला घराबाहेर काढायची गरज नाही, तिची तपासणी करण्याचीही नाही. तिच्या विष्ठेतली अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून शीची पेटी रोजच्या रोज आणि शक्यतो दुसऱ्या कोणीतरी साफ करावी. तुम्हालाच करावी लागत असेल तर हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. मांजरीला कच्चं मांस घालू नका आणि शिकारीसाठी बाहेर सोडू नका.

पायरी ५ : लक्षणं ओळखा

या लेखातलं एवढं एकच वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

मेंदूचा टोक्सोप्लाझ्मा सहसा एका रात्रीत येत नाही. तो काही दिवसांत, कधी दोनतीन आठवड्यांत चढत जातो, आणि म्हणूनच फसवतो. सुरुवात बहुधा डोकेदुखीने होते. गोळी घेतली की थोडी कमी होते, पण जात नाही, उलट दिवसागणिक वाढते. ताप असू शकतो, नसूही शकतो, त्यामुळे "ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही" असा हिशेब इथे लावू नका.

यानंतर मेंदूच्या ज्या भागात दाह आहे त्यानुसार लक्षणं दिसतात. एका बाजूचा हात किंवा पाय जड वाटतो, चप्पल पायातून निसटते, शर्टाचं बटण लागत नाही. तोंड एका बाजूला ओढलं जातं. शब्द आठवत नाहीत किंवा जीभ जड होते. चालताना तोल जातो. एका बाजूचं दिसत नाही. काहींना पहिलं लक्षण म्हणून थेट फिटच येते. काहींच्या हातापायांत विचित्र, न थांबणाऱ्या हालचाली सुरू होतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते वागण्यातल्या बदलाकडे. माणूस गप्प होतो, दिवसभर झोपून राहतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतो, कपडे उलटे घालतो. एचआयव्हीचं निदान नवं असलं की घरचे म्हणतात, धक्का बसला आहे, टेन्शन घेतलंय. दुःख आणि निराशा खरी असू शकते. पण सीडी४ कमी असलेल्या माणसात वागणं बदललं तर आधी मेंदूची तपासणी व्हावी आणि मगच मनावर बोट ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. उलट क्रमाने गेलं तर हातचे आठवडे जातात.

अनेकांना तर एचआयव्ही आहे हेच या आजारामुळे पहिल्यांदा कळतं. म्हणून तरुण माणसाला अचानक फिट आली किंवा अर्धांगासारखं काही झालं आणि एचआयव्हीची तपासणी कधीच झालेली नसेल, तर ती करून घ्यायला घरच्यांनी नकार देऊ नये.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. ती पाच मिनिटांपेक्षा लांबली, लागोपाठ दुसरी आली, किंवा ही आयुष्यातली पहिलीच असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपत चालली असेल, सारख्या उलट्या होत असतील किंवा एक बाजू लुळी पडली असेल, तरीही थांबायचं नाही.

पायरी ६ : रुग्णालयात काय सांगाल, काय होईल

आणीबाणीच्या खोलीत समोरच्या डॉक्टरांना तुमचा इतिहास माहीत नसतो. एचआयव्ही आहे हे लपवलं तर साध्या पक्षाघाताचे किंवा अपस्माराचे उपचार सुरू होऊ शकतात. म्हणून एवढं सांगाच : एचआयव्ही आहे, शेवटचा सीडी४ किती आणि कधीचा, एआरटी कोणती आणि त्यात खंड पडला का, कोट्रायमॉक्साझोल घेत होता का, टोक्सोप्लाझ्मा आयजीजी काय होती, सल्फाची ॲलर्जी आहे का, आणि लक्षणं कोणत्या क्रमाने आली. एका कागदावर लिहून औषधांच्या पिशवीत ठेवलेलं असलं तर उत्तम. रुग्णाला स्वतःला बोलता येईलच असं नसतं.

मग मेंदूचा स्कॅन होतो. कंट्रास्ट (गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलं जाणारं द्रव्य) देऊन केलेला एमआरआय सर्वांत चांगला. तो नसेल तर कंट्रास्टसह सीटी. टोक्सोप्लाझ्मात बहुधा एकाहून जास्त गाठी दिसतात. त्यांच्या कडा कड्यासारख्या उजळतात, भोवती सूज असते, आणि मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियात त्या वरचेवर सापडतात.

पण कड्यासारखी उजळणारी गाठ म्हणजे टोक्सोप्लाझ्माच असं नाही. क्षयाच्या गाठी, मेंदूतला लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग), बुरशीच्या गाठी, पुवाचा फोड, डुकराच्या पट्टकृमीचे कोष, हे सगळे थोड्याफार फरकाने तसेच दिसू शकतात. लॅटिन अमेरिकेत राहिलेल्या माणसात चागास रोगाचा ट्रिपॅनोसोमा हा परजीवीही असाच जागा होऊन मेंदूत गाठ करतो. अकँथअमीबासारखे मातीत-पाण्यात मोकळे राहणारे अमीबा फार क्वचित. म्हणून तुम्ही कुठे राहिलात, घरात कोणाला क्षय होता का, हे प्रश्न डॉक्टर विचारतात. ते खोदून विचारतात म्हणून चिडू नका.

पाठीतलं पाणी काढणं सुरक्षित असेल तर काढतात. मोठी गाठ असून मेंदूवर दाब असेल तर ते धोक्याचं ठरतं, म्हणून आधी स्कॅन. त्या पाण्यातली टोक्सोप्लाझ्माची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं. निगेटिव्ह आली तर आजार नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण ही तपासणी बऱ्याच रुग्णांमध्ये चुकते. त्याच पाण्यात क्षय, क्रिप्टोकॉकस ही बुरशी आणि लिम्फोमाशी संबंधित ईबीव्ही विषाणूही शोधतात.

पायरी ७ : पहिले दोन आठवडे

इथे नव्या माणसाला एक गोष्ट विचित्र वाटते. शंभर टक्के पुरावा हातात नसतानाच डॉक्टर औषध सुरू करतात. सीडी४ १०० च्या खाली, आयजीजी पॉझिटिव्ह आणि स्कॅनमध्ये नमुनेदार गाठी, एवढं जुळलं की टोक्सोप्लाझ्माचाच उपचार सुरू करणं ही जगभरची रूढ पद्धत आहे. मेंदूचा तुकडा काढून तपासण्यात जोखीम असते, आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद हाच निदानाचा पुरावा ठरतो. बरे होणाऱ्यांपैकी बहुतेकांमध्ये पहिल्या आठवड्यात, आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये चौदा दिवसांत सुधारणा दिसते. हात उचलला जातो, डोकं हलकं होतं, बोलणं सुटं होतं. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा केलेल्या स्कॅनमध्ये गाठी आकसलेल्या दिसायला हव्यात. दहा ते चौदा दिवसांत काहीच फरक नसेल किंवा प्रकृती ढासळत असेल तर बायोप्सीचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. तेव्हा "अजून थोडं थांबू या" असं घरच्यांनी म्हणू नये.

औषधांच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट : पायरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि ल्यूकोव्होरिन. पायरिमेथामिनचा पहिला डोस २०० मिलिग्रॅम असतो, मग वजन ६० किलोच्या खाली असेल तर रोज ५० आणि वर असेल तर ७५. पहिल्या दिवशी इतक्या गोळ्या का, याचं उत्तर यात आहे. दुसरी वाट कोट्रायमॉक्साझोलची, पण वजनानुसार मोठ्या मात्रेत, दिवसातून दोनदा. पायरिमेथामिन सगळीकडे सहज मिळत नाही. कोट्रायमॉक्साझोल मिळतं, आणि शिरेतूनही देता येतं. दुसरी वाट मिळाली म्हणजे हलका उपचार मिळाला असं समजू नका. सल्फा चालत नसेल तर पायरिमेथामिनसोबत क्लिंडामायसिन देतात, पण ते न्यूमोसिस्टिसपासून वाचवत नाही, म्हणून त्यासाठी वेगळं औषध जोडावं लागतं.

एक गल्लत टाळायची. पायरिमेथामिनसोबत दिलं जाणारं ल्यूकोव्होरिन म्हणजे फोलिनिक ॲसिड. औषधाच्या दुकानात नेहमी मिळणारं फोलिक ॲसिड वेगळं. ल्यूकोव्होरिन रक्तपेशींचं रक्षण करतं. फोलिक ॲसिडने ते काम होत नाही, उलट उपचाराला अडथळा येऊ शकतो. नाव सारखं म्हणून बदलून दिलं तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

पायरिमेथामिनने अस्थिमज्जा दबते, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर निळे डाग, खूप थकवा दिसला तर सांगा. सल्फाडायझिनचे स्फटिक मूत्रपिंडात अडकू शकतात, तेव्हा भरपूर पाणी प्या.

मेंदूवर सुजेचा दाब असेल तर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड थोडे दिवस देतात. ते सरसकट देत नाहीत, कारण स्टिरॉइडने लिम्फोमाही तात्पुरता आकसतो आणि मग सुधारणा कशामुळे झाली ते कळेनासं होतं. फिटचं औषध फक्त फिट आलेल्यांनाच देतात. ते देताना एआरटीशी जुळतं का हे पाहणं फार गरजेचं आहे : फेनिटॉइन, कार्बमाझेपिन आणि फिनोबार्बिटोन एआरटीतल्या काही औषधांची, डोल्यूटेग्राविरचीही, रक्तातली पातळी खाली आणतात. लेव्हेटिरासिटॅमने सहसा ही अडचण येत नाही. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर आणि एआरटी देणारा डॉक्टर वेगळे असतील तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायचं काम तुम्हीच करा.

पायरी ८ : सहा आठवडे आणि त्यापुढे

पूर्ण मात्रेचा उपचार किमान सहा आठवडे चालतो. गाठी मोठ्या असतील तर जास्त. बरं वाटू लागतं दुसऱ्या आठवड्यात आणि गोळ्या सुटतात चौथ्या आठवड्यात, असं होऊ देऊ नका.

एआरटी सुरू नसेल तर ती टोक्सोप्लाझ्माचा उपचार सुरू झाल्यावर साधारण दोनतीन आठवड्यांत सुरू करतात. मात्र मेंदूत क्रिप्टोकॉकस किंवा क्षय असेल तर ती आणखी लांबवतात, म्हणून निदानाचा अंदाज येण्याआधी स्वतःहून सुरू करू नका. प्रतिकारशक्ती परत येताना काहींची डोकेदुखी किंवा सूज पुन्हा थोडी वाढते. हे औषध निकामी झाल्याचंच लक्षण असेल असं नाही, पण ठरवायचं डॉक्टरांनी.

हातापायातली ताकद परत यायला फिजिओथेरपी लवकर सुरू करा, बोलण्यासाठी स्पीच थेरपी. फिट येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत गाडी चालवू नये, एकट्याने पोहू नये, उंचावर काम करू नये. नजर धूसर झाली किंवा डोळ्यांसमोर ठिपके तरंगू लागले तर डोळ्यांचीही तपासणी हवी. हाच परजीवी दृष्टिपटलावरही हल्ला करतो. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, औषधांची निवड त्यावर अवलंबून असते.

सहा आठवड्यांनंतर औषधं बंद होत नाहीत, त्यांची मात्रा कमी होते. मेंदूतले कोष कोणत्याही औषधाने पूर्ण मरत नाहीत, म्हणून हा जपणुकीचा उपचार पुढे चालू राहतो. कोणतंही लक्षण नाही, एआरटी नीट चालू आहे आणि सीडी४ सहा महिन्यांहून जास्त काळ २०० च्या वर टिकला आहे, एवढं झालं की डॉक्टर तो थांबवतात. आजार न झालेल्यांची पायरी ३ मधली प्रतिबंधक गोळी साधारणपणे सीडी४ तीन महिन्यांहून जास्त काळ २०० च्या वर राहिल्यावर थांबते. पुढे कधी एआरटीत खंड पडून सीडी४ पुन्हा २०० च्या खाली आला, तर आजार होऊन गेलेल्यांना जपणुकीचा उपचार पुन्हा सुरू करावा लागतो. डोकं दुखायची वाट न पाहता त्याच आठवड्यात केंद्रावर जा.